रकाना सतरा

फॉर्म अकरा पानांचा आहे.
सतराव्या रकान्यात विचारलंय,
एप्रिल वीस ते ऑगस्ट एकवीस
या काळात तुमचं काहीच छापून का आलं नाही?
अडीचशे अक्षरांत सांगा.
रिकाम्या जागाही अक्षरांत धरल्या जातील,
असं खाली बारीक टाइपात.

रास अल खैमात तेव्हा रात्री आठला
सगळ्यांचे फोन एकदम किंचाळायचे:
घरात जा, रस्ते धुतले जातायत.
सकाळी मात्र गाडीत बसायला बंदी नव्हती.
बिल्डिंगखालच्या घाफच्या सावलीत, मागच्या सीटवरून
मी तिसऱ्या वर्षाला ल्युकेमिया शिकवला.
एसी लावला तर घरघर,
बंद केला तर घाम डोळ्यांत,
म्हणून कॅमेरा बंद.
"मॅडमचा चेहरा दिसत नाही," असं अभिप्रायात आलं.
पाचापैकी तीन पूर्णांक एक.

वर घरात दोन शाळा भरलेल्या.
शाल्मली चौथीत. ओजस केजीत, तोंडात पेन्सिल.
आमचं ठरलेलं: बाल्कनीत पांढरा टॉवेल म्हणजे नेट गेलं,
लाल म्हणजे ओजस रडतोय, लगेच ये.
पेशींची नावं सांगत सांगत
मी तिसऱ्या मजल्याकडे बघत राहायचे.

सलील बार्जवर. बदली माणूस येईना,
एकशे बारा दिवस तो आणि समुद्र.
चंद्रिका लेकीच्या लग्नाला कुरुनेगलाला गेली
ती तिकडेच अडकली.
आई मिरजेत बॅग भरून बसलेली.
तीनदा तिकीट रद्द झालं तेव्हा फोनवर म्हणाली,
मेतकुटाला मुंग्या लागल्या गं.
बाकीचं ती बोलली नाही. मीही नाही.

उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये माझे दोनशे बारा नमुने होते.
वादीतल्या मुलांचं रक्त,
चार वर्षं दारोदार फिरून, प्रत्येक घरचा गहवा पिऊन
आयांच्या मांडीवरून मागून आणलेलं.
स्वॅबना जागा हवी होती.
मीच सही केली. कुणीही केली असती.
सही करताना हात जरासुद्धा थरथरला नाही,
ते अजून सलतं.

हातेम सरांचे त्या वर्षात अकरा पेपर आले.
माणूस भला. आपणहून लिहिलं त्यांनी,
आकडेमोड मी करतो, नाव दोघांचं घालू.
रात्री दोनला उत्तर लिहायला घेतलं
आणि कीबोर्डवरच झोप लागली.
सकाळी ड्राफ्टमध्ये सात पानं,
सगळीभर एकच अक्षर.

इब्तिसामने तर राजीनामाच दिला.
तीन मुलं, धाकटं अंगावर पिणारं.
ओम्दुर्मानला निघताना ऑफिसातली कोरफड
माझ्या टेबलावर ठेवून गेली.
फार पाणी घालू नकोस, म्हणाली.
ते मला आपोआपच जमलं.

तर रकाना सतरा.
"कौटुंबिक कारणास्तव" लिहिलं. खोडलं.
कुटुंबाने काय केलं होतं?
"महामारीमुळे" लिहिलं.
ती तर हातेम सरांच्याही दारावरून गेली होती.
फ्रीझरचं लिहायला घेतलं तर
अडीचशे अक्षरं पहिल्या वादीतच संपली.
शेवटी अडीचशे वेळा स्पेसबार दाबला.
मोजून.
फॉर्मने ते मुकाट स्वीकारलं.

मुलाखत चौथ्या मजल्यावर.
पाच जण, पाण्याच्या पाच बाटल्या,
आणि माझ्या फाइलवर चिकटवलेली पिवळी चिठ्ठी.
कुणीतरी सातत्याबद्दल काही विचारत होतं.
समोरच्या हॉस्टेलच्या गच्चीवर
कुणी लाल टॉवेल वाळत घातला.

मी खुर्चीतून अर्धी उठले होते.

काही अडचण, डॉक्टर?

शाल्मली आता आठवीत आहे,
ओजस सहा तास माझ्याशिवाय आरामात राहतो.

नाही, म्हटलं,
आणि पर्स घट्ट धरून
परत खाली बसले.